ऑफ-रोड गाडीचा अ‍ॅक्सल खोलून दुरुस्त करावा की पूर्ण बदलावा?
आधी हाउसिंग, म्हणजे अ‍ॅक्सलचं बाहेरचं कवच, सरळ आहे का ते तपासा, बाकी सगळं नंतर. मग डिफरेन्शियलचं (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या संचाचं) ऑइल काढून बोटांवर चोळा. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावरचा बारीक राखाडी लगदा चालतो. दातांचे तुकडे निघाले तर क्राउन-पिनियन, म्हणजे त्यातली मुख्य गिअरची जोडी, गेलं समजा. फक्त बेअरिंग-सील गेलेत आणि टायर मूळ मापाचेच ठेवणार आहात? मग नवे टाका, अख्खा अ‍ॅक्सल कशाला!

पण हाउसिंग वाकलंय, किंवा डेना ३० या हलक्या अ‍ॅक्सलवर ३५ इंची टायर चढवायचेत, तर त्यात पैसे ओतू नका. डेना ४४ सारखा दणकट अ‍ॅक्सल घ्या. आणि हो, पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचा गिअर रेशो (गिअरच्या दातांचं प्रमाण) जुळवा, नाहीतर फोर-बाय-फोर लावताच ट्रान्सफर केसवर (दोन्ही अ‍ॅक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) ताण येईल.