टेकाँगला गेलेल्या मुलाच्या पैशाचं कोण बघणार?

नमस्कार. तुम्ही विचारलंय की सिंगापूरची बदली जवळजवळ ठरलीय, मुलगा तेरा वर्षांचा आहे, पीआरसाठी (कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी) अर्ज करायचा विचार आहे. उद्या तो सक्तीच्या लष्करी सेवेत गेला तर आपल्याला पैसे पाठवावे लागतात का, आणि त्याचं खातं जॉइंट ठेवावं का. आम्ही ठाण्याहून इथे येऊन सोळा वर्षं झाली. धाकट्याचं टेकाँग बेटावरचं लष्कराचं बेसिक ट्रेनिंग होऊन फार दिवस झालेले नाहीत, त्यामुळे सगळं ताजं आहे.

पैसे पाठवावे लागत नाहीत. राहणं, जेवण, गणवेश, औषधपाणी सगळं सरकारचं. वर भत्ता मिळतो. जुलै २०२५ पासून नव्या रिक्रूटला महिन्याला ७९० सिंगापूर डॉलर आहे आणि पुढे हुद्द्याप्रमाणे वाढतो. तो थेट मुलाच्या खात्यात येतो. हा पगार नाही, भत्ता आहे, म्हणून त्यावर सीपीएफ (आपल्या पीएफसारखं) जमा होत नाही. ट्रेनिंगच्या बेटावर, पुलाव टेकाँगवर, कॅन्टीनमधलं थंड पेय आणि चिप्स सोडले तर खर्च करायला काही नाहीच. आमच्या चिरंजीवांच्या खात्यात आयुष्यात पहिल्यांदा पैसे साठले.

खरा पैशाचा प्रश्न तुमच्यासाठी त्याच्या बराच आधी येतो, पीआरचा अर्ज भरताना. नोकरीच्या जोरावर पीआर घेणाऱ्या बापाला लष्करी सेवा माफ असते. त्याच्यामागे पीआर मिळालेल्या मुलाला नसते. डिपेंडंट पासवर (नोकरदाराच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर) राहणाऱ्या मुलाला ती लागूच नाही, पण मग शाळेची फी परदेशी विद्यार्थ्याची, पीआरच्या काही पट. मुलाला अर्जातून वगळणारी मराठी कुटुंबं मला माहीत आहेत. सगळ्यांना घेणारीही आहेत, आम्ही त्यातले.

एकदा त्याला पीआर मिळाला की पुण्यात आजीकडे ठेवून शिकवू, हा बेत महागात पडतो. तेराव्या वर्षापासून दोन वर्षं किंवा जास्त बाहेर राहायचं तर एक्झिट परमिट (बाहेर राहायची परवानगी) आणि बाँड (परत येण्याची पैशातली हमी) लागतो. साडेसोळानंतर तीन महिन्यांच्या मुक्कामालाही. बाँडची रक्कम ७५,००० डॉलर किंवा आईवडिलांच्या मिळून वार्षिक उत्पन्नाच्या निम्मी, यातली जी जास्त असेल ती. ‘आधी इंजिनिअरिंग करू दे, मग जाईल’ हेही चालत नाही. बारावीच्या तोडीचं शिक्षण पूर्ण करू देतात, पदवीसाठी थांबत नाहीत. आणि ऐनवेळी पीआर सोडून निघून गेलं तर त्या मुलाला पुढे इथे शिकायला किंवा नोकरीला यायचं दार बंदच समजा. आईवडिलांच्या रीएंट्री परमिटच्या (बाहेर जाऊन पीआर म्हणूनच परत येण्याच्या परवान्याच्या) नूतनीकरणावरही त्याची छाया पडू शकते.

आता जॉइंट खातं. माझं मत: नको. त्याच्या एकट्याच्या नावाचं खातं सोळाव्या-सतराव्या वर्षीच उघडा आणि त्याला वापरू द्या. कारण सिंगपास (इथलं सरकारी डिजिटल ओळखीचं लॉगिन) त्याचा, ओटीपी त्याच्या फोनवर, आणि फोन दिवसभर कपाटात. रात्री थोडा वेळ हातात येतो. ट्रेनिंग साधारण ९ आठवड्यांचं, त्यात पहिले दोनेक आठवडे बेटावरून सुटका नाही. नंतर शनिवार-रविवार घरी सोडतात, त्याला इथे ‘बुक आऊट’ म्हणतात. मोबाइलचं बिल, क्लासची उरलेली फी, विद्यापीठाच्या अर्जाची फी, जे काही त्याच्या नावाने कापलं जातं ते बोटीत बसण्याआधी एका कागदावर लिहून घ्या. विद्यापीठाच्या अर्जांची मुदत या काळात येते आणि ती कुणासाठी थांबत नाही.

आम्ही फसलो ते भारतातल्या पैशात. आजोबांनी तो लहान असताना त्याच्या नावाने म्युच्युअल फंड घेतला होता, मी पालक म्हणून सही करायचे. मुलगा अठराचा झाला की असा फोलिओ गोठतो आणि एसआयपी थांबते. मग त्याचा स्वतःचा पॅन, केवायसी आणि बँकेने साक्षांकित केलेली त्याची सही लागते. आमच्या साहेबांचा अठरावा वाढदिवस डिसेंबरात आणि बोट जानेवारीत. मला हे कळलं फेब्रुवारीत. शनिवारी दुपारी तो घरी पोचेपर्यंत बँक बंद, सोमवारी ती उघडेपर्यंत हा पुन्हा बेटावर. मधल्या वेळात तो झोपलेला. डोकं भादरलेलं, पाठीवर उन्हाचे पट्टे, आणि मी फॉर्म घेऊन उभी. शेवटी नऊ आठवडे संपल्यावरच ते काम झालं. तुमच्याकडे पाच वर्षं आहेत. त्याच्या नावावर तिकडे काय काय आहे याची यादी आत्ताच करा, अगदी सोसायटीतल्या पतपेढीतली ठेवसुद्धा, आणि अठरा पूर्ण होताच पहिल्या आठवड्यात पॅन आणि बँकेचे कागद बदलून घ्या.

विम्याचं: मूळ संरक्षण सरकारच देतं. वर अजून घ्यायचं का ते त्याला ठरवू दे, पण वारस म्हणून कुणाचं नाव द्यायचं हे घरात बोलून घ्या. विषय काढायला जड जातो. आमच्या घरी तो भाजी चिरता चिरता निघाला, ते बरं झालं.

सेवेच्या दोन वर्षांनी सगळं संपतं असं धरून आर्थिक गणित मांडू नका. पुढे राखीव दलात वर्षाला जास्तीत जास्त ४० दिवसांपर्यंत बोलावणं येऊ शकतं, सलग नाही तरी वर्षानुवर्षं.

आणि एक. सेवेत असताना देशाबाहेर जायचं तर आधी परवानगी लागते. भाचीचं लग्न एप्रिलात नाशिकला होतं, मी सवलतीतली चार तिकिटं ऑक्टोबरातच काढून ठेवली. परतावा नसलेली. त्याला रजा मिळाली नाही. तिघंच गेलो, आणि नवरा अजून त्या चौथ्या तिकिटाची किंमत पाहुण्यांसमोर रुपयांत सांगतो.