स्वस्त हॉटेल आणि मंजूर न झालेली रजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शहरात चार रात्री राहायचंय, दोघं जाणार आहात. एक बुटीक (म्हणजे छोटं, खास सजावटीचं) हॉटेल जुन्या वस्तीत, सगळं पायी गाठता येईल असं. नाश्ता आणि कर दरातच धरलेले, ४८ तास आधीपर्यंत फुकट रद्द करता येतं. दुसरंही बुटीकच, पण जरा लांब, गच्चीवर पोहायचा तलाव, दर २२ टक्के कमी. पण पैसे आत्ताच भरायचे आणि ते परत मिळणार नाहीत. वाचलेल्या पैशांत एक रात्र वाढवावी का, असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय की रजा अजून मंजूर व्हायची आहे. ती ओळ पहिली हवी होती.

आधी तो २२ टक्क्यांचा फरक बघू. पहिल्याचा दर रात्रीला १०० धरला, तर चार रात्रींचे ४००. दुसऱ्याचे ७८ प्रमाणे ३१२. पण तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये दराखाली फिकट अक्षरांत लिहिलंय, ‘कर वेगळे, १० टक्के’. झाले ३४३. (काही शहरं पर्यटक करही लावतात, अ‍ॅमस्टरडॅममध्ये तो २०२४पासून खोलीभाड्याच्या १२.५ टक्के आहे. तेव्हा फिकट अक्षरं आधी वाचावीत.) लांब असल्याने रोजचं जाणं-येणं आलं, दिवसाला ६ धरा, म्हणजे २४. दोघांचा चार सकाळचा नाश्ता ३२. बेरीज ३९९. वाचला १.

तुम्ही सकाळी चहावरच भागवत असाल तर ३३ वाचतील, मान्य. पण तिथली एक जादा रात्र करासकट ८६ला पडते. त्यामुळे तो बेत सोडून द्या.

आता रजा. पैसे परत न मिळण्याच्या बोलीवर जी सूट मिळते, ती तुम्ही उचललेल्या जोखमीचा मोबदला असते, आणि तो पुरेसा आहे का हे मोजता येतं. बाकी खर्च सारखा असेल, तर सूट जितके टक्के, तितकीच प्रवास रद्द होण्याची शक्यता परवडते. तुमच्या आकड्यांत, नाश्ता वगळून, ही मर्यादा साधारण ९ टक्के येते. नाश्ता धरला तर जवळपास शून्य. आणि गेल्या वर्षी तुमची रजा दोनदा ऐनवेळी नाकारली गेली, हे तुम्हीच कळवलंय!

तलावाचा मोह मला कळतो. पण ‘बुटीक’ या शब्दाला बहुतेक ठिकाणी सरकारी प्रमाणपत्र लागत नाही, आणि कोपऱ्यातून रुंद लेन्सने काढलेल्या फोटोत हौदही तलाव दिसतो. लांबी-रुंदी विचारा.

आणखी एक. तुम्ही डेबिट कार्ड वापरता. बरीच हॉटेलं चेक-इनला अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात, आणि ती सुटायला कधी कधी काही दिवस जातात. क्रेडिट कार्डावर फक्त मर्यादा अडते. डेबिटवर तुमच्या खात्यातले खरे पैसे अडतात, त्यातून ऐन प्रवासात हात आखडतो. रक्कम किती, हे आधीच विचारून घ्या. क्रेडिट कार्ड काढलंत तर बिल पूर्ण भरायची तयारी हवी, नाहीतर व्याज सुटीनंतरही चालू राहील.

माझं मत पहिल्या हॉटेलकडे. आजच बुक करा, आणि रद्द करायची शेवटची वेळ फोनमध्ये एक दिवस आधीची टाका. ही वेळ बहुतेकदा हॉटेलच्या घड्याळानुसार धरतात, तुमच्या नव्हे. मग दुसऱ्या हॉटेलला थेट फोन करून रद्द करता येईल असा दर विचारा. मध्यस्थ साइटचं कमिशन वाचत असल्याने छोटी हॉटेलं फोनवर कधी कधी नाश्ताही घालून देतात. तसा दर मिळाला आणि रजेचा ईमेल हातात आला, तर हा हिशोब पुन्हा मांडा. तोंडी ‘बघू’ म्हटलेली रजा त्यात धरू नका.