काउंटरवरची माणसं

तू बँकेत नवीन आहेस म्हणून सांगतो, खातेदारांचे प्रकार पाडायची घाई करू नकोस. 'हा भांडकुदळ, ती शंकेखोर' असं एकदा मनात बसलं की पुढचं काही दिसत नाही. समोरच्याच्या वागण्याचं खापर आपण त्याच्या स्वभावावर फोडतो आणि परिस्थिती विसरतो. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या चुकीला नावच दिलं.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आलेले आजोबा आवाज चढवतात, तेव्हा त्यांचा अंगठा बघ. रेषा झिजलेल्या, मशीन ठसा घेत नाही, मागे रांग कुजबुजतेय. दाखला गेला नाही तर पेन्शन अडेल, ही धास्ती ओरडत असते. त्यांना खुर्ची दे, दुसरं बोट लावून बघ, नाहीतर कागदी फॉर्म भरून घे. आवाज खाली येतो.

गप्प राहणाऱ्यांकडे जास्त लक्ष दे. स्लिप हातात धरून कोपऱ्यात घुटमळणाऱ्या मावशींना बऱ्याचदा लिहिता येत नसतं, आणि चारचौघांत सांगायला संकोच वाटतो. 'चष्मा राहिला का घरी? आणा, मी भरतो,' एवढंच म्हण.

खरोखर उद्धट माणसंही भेटतील. त्यांच्याशी नियमाने, हळू आवाजात बोल. फारच ताणलं तर मॅनेजरसाहेबांकडे पाठव.