तिसऱ्या उकळल्या म्हणजे विष गेलं, असं नाही

तुमचा प्रश्न असा की, गुहागरहून आणलेल्या तिसऱ्या (खाडीतले छोटे शिंपले) कराडला घरी पोचल्यावर चांगल्या उकळल्या, तर 'लाल पाण्याचं', म्हणजे शेवाळ माजून समुद्र लाल दिसतो तेव्हाचं, विष मरतं ना? मरत नाही. उकळल्याने जंतू मरतात, त्यामुळे उकळाव्यातच. पण हातपाय लुळे पाडणारं हे लकव्याचं विष जंतूंचं नाही. समुद्रातल्या काही सूक्ष्म शेवाळांत ते तयार होतं. तिसऱ्या, कालवं, शिणाणे असे शिंपल्यातले जीव दिवसभर पाणी गाळून त्यातलं खाणं पोटात साठवतात, त्याबरोबर विषही साठतं. शिंपल्याला स्वतःला सहसा काही होत नाही, वास-चव-रंग बदलत नाही. उकळणं, तळणं, कोकम, डीप फ्रीज, कशानेच ते पुरतं जात नाही. उलट त्यातलं काही पाण्यात विरघळतं, म्हणून आपण ज्या रश्शावर जीव टाकतो तोही तितकाच संशयाचा. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवलं तर रेती निघते, एवढंच.

माझं माहेर तिकडचं, त्यामुळे 'आम्ही पिढ्यानपिढ्या खातो, काही झालं नाही' हे मीही ऐकत आलेय. ते खोटं नाही, बहुतेक वेळा खरंच काही होत नाही. पण १९९७ साली केरळात विळिंजमला शिणाणे खाऊन ७ जण गेले. ग्वाटेमालात १९८७ साली १८७ जणांना बाधा झाली, २६ दगावले, आणि लहान मुलांत मृत्यूचं प्रमाण मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त होतं. म्हणून मुलांच्या ताटात वाढताना तरी हात आखडता घ्यावा.

आणि पाणी लाल दिसलं तरच धोका, हेही खरं नाही. लाल पाणी कधी निरुपद्रवी असतं, कधी स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही विषारी शेवाळ पुरेसं असतं. थंडीत किनाऱ्यावर रात्री निळं चमकतं ना, तो जीव निराळा, त्याच्यामुळे हा लकवा होत नाही. (फोटो काढायला जरूर जा.)

आता घाटमाथ्यावरच्या आपल्यासाठी खरी गोष्ट. लकव्याचं विष साधारण अर्ध्या तासापासून दोन तासांत लक्षणं दाखवतं. दुपारी गुहागरात जेवून गाडी काढली, तर तेवढ्यात तुम्ही कुंभार्ली घाटात असू शकता. आधी ओठ, जीभ, मग बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, बधिर वाटतं. नंतर हातपाय लुळे, चालताना झोक जातो, जीभ जड होते. कुणी घेतलेली असेल तर 'चढलीय' म्हणून हसण्यावारी नेतात, तीच वेळ हातची जाते. अंगावर पित्त उठलं, खाज आली तर अ‍ॅलर्जी असू शकते. नुसत्या मुंग्या आणि अशक्तपणा आला तर घाट चढू नका. चिपळूणच्या मोठ्या दवाखान्यात चला किंवा १०८ ला फोन करा, आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना आधी सांगा. या विषावर उतारा नाही. श्वासाचे स्नायू बंद पडले तर व्हेंटिलेटरवर माणूस तगतो, आणि पहिला दिवस निभावला की बहुतेक जण पूर्ण बरे होतात. लिंबूपाणी आणि घरगुती काढ्यात वेळ घालवू नका.

अशी आणखी विषं आहेत. एकाने फक्त जुलाब-उलट्या होतात. एकाने स्मरणशक्ती जाते, कॅनडात १९८७ साली शिणाणे खाऊन शंभराहून जास्त लोक आजारी पडले, काहींचा विसराळूपणा कायमचा राहिला.

तुमच्या पिशवीतल्या तिसऱ्यांचं म्हणाल, तर त्या कुठल्या खाडीतल्या आणि तिथे सध्या मासे मेलेले दिसले का, हे विकणाऱ्या मावशींना विचारलं होतं का? उत्तर ठाऊक नसेल, तर मी त्या खाल्ल्या नसत्या. विचारलेलं असेल आणि निर्धास्त असाल, तर आधी उघड्या राहिलेल्या, टिचकी मारल्यावर न मिटणाऱ्या काढून टाका. घाटातून येईपर्यंत मेलेल्या त्याच.