शिडीला नाही कोणी म्हणायचं?

महाशिवरात्र जवळ आली की पचमढीच्या चौरागडला पायी चढून जाणाऱ्या म्हाताऱ्यांची मुलं माझ्याकडे सल्ल्याला येतात. आषाढाच्या तोंडावर वारीला निघालेल्या सासूबाईंच्या सुना येतात. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो. "दरवर्षी जातात, पण यंदा झेपणार नाही हे आम्हाला दिसतंय, त्यांना दिसत नाही. कसं थांबवायचं?"

या प्रश्नाचं उत्तर मला एका घरानं शिकवलं. ते भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या बाजूला राहतात. त्यांनी हे लिहायला परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

मुलगा 41 वर्षांचा, नागपूरला नोकरी. वडील 76 वर्षांचे, जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालेले, त्यामुळे गावासाठी ते अजूनही गुरुजीच. गुरुजींच्या लहानपणी घरात ठासणीची बंदूक होती. त्यांचे वडील होळीच्या दिवसांत गावच्या माणसांसोबत पारधीला जायचे आणि हा पोरगा पाण्याचा डबा घेऊन मागे मागे. 1972 चा वन्यजीव कायदा आला तेव्हा गुरुजी विशीत होते. बंदूक गेली, पारध संपली. जंगल मात्र त्यांच्यातून गेलं नाही. पुढे नागझिरा अभयारण्यात बुद्धपौर्णिमेच्या पाणवठ्यावरच्या प्राण्यांच्या प्रगणनेला ते मचाणावर बसायला लागले. मुलगा 12 वर्षांचा झाला तसा त्यालाही नेऊ लागले. करोनाची वर्षं सोडली तर बापलेकांची ती रात्र चुकली नाही.

ज्यांनी ही रात्र अनुभवली नाही त्यांच्यासाठी सांगते. मे महिन्यात जंगलातलं पाणी आटतं, मोजकेच पाणवठे उरतात, आणि पौर्णिमेला रात्रभर चंद्र असतो. पाण्यावर येणारं प्रत्येक जनावर दिसतं. दुपारी मचाणावर चढायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळीच उतरायचं. टॉर्च लावायचा नाही, बोलायचं नाही, अत्तर नाही, पांढरे कपडे नाहीत. कागदावर वेळ, प्राणी, नर-मादी, संख्या लिहायची. आता वाघ-बिबट्यांचा अंदाज कॅमेरा ट्रॅपवरून काढतात, म्हणून वनविभाग या रात्रीला निसर्गानुभव म्हणतो. गुरुजी मात्र 'गणना'च म्हणतात.

या बापलेकांचं घरी फारसं बोलणं नव्हतं. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत असतं तसंच, जे काही बोलायचं ते आईमार्फत. मुलगा मला म्हणाला, "वर्षभरात आमच्यात जितके शब्द होतात, त्याहून जास्त त्या रात्री न बोलता होतात, मॅडम." हे वाक्य मी तेव्हाच वहीत उतरवून घेतलं.

तो माझ्याकडे आला ते पोळ्याच्या सुटीत. आल्या आल्या त्यानं विचारलं, "बाबांना डिप्रेशन आलं का, हे कसं ओळखायचं?"

मी लक्षणं विचारली. जेवण अर्ध्यावर आलं होतं. संध्याकाळी तलावाच्या पाळीवर फिरायला जायचे, ते बंद. दुर्बीण दाराजवळच्या खुंटीला असायची, ती काढून पेटीत ठेवली. फोनवर पूर्वी "निघाला का? जेवला का?" विचारायचे, आता नुसतं "हो, हो". कशानंही करमत नाही म्हणायचे. कधीपासून, असं विचारल्यावर तो थांबला. मग म्हणाला, "मेपासून. मी त्यांच्याशी खोटं बोललो."

झालं असं होतं. आदल्या वर्षी पहाटे चारच्या सुमारास मचाणावर गुरुजी लघवीसाठी उठले. बाटली सोबत असते, खाली उतरायचं नसतंच. पण उठून उभे राहताच त्यांना भोवळ आली. मुलानं मागून सदऱ्याची कॉलर धरली. पाण्याचा गडू खाली पडला आणि पाणवठ्यावरचं सांबर भडकून पळालं. गुरुजी खाली बसले, कपाळ पुसलं आणि कागदावर सांबर किती वाजता पळालं ते लिहिलं. दोघंही त्यावर अवाक्षर बोलले नाहीत. सकाळी शिडीवरून उतरताना त्यांचा पाय पुढच्या पायरीला चाचपडत होता. मुलगा खाली उभा राहून प्रत्येक पाऊल हातानं पायरीवर ठेवत होता.

घरी येऊन त्यानं आईला सांगितलं. आई म्हणाली, "पुढच्या वर्षी नेऊ नोको, पण मी सांगतलं असं सांगू नोको." भावाला, वहिनीला, नागपूरच्या बहिणीला, सगळ्यांना कळलं. गुरुजी सोडून घरातला प्रत्येक माणूस त्या भोवळीबद्दल बोलला. मे आला तेव्हा मुलानं फोनवर सांगितलं, "बाबा, यंदा बुकिंग नाही भेटलं." गुरुजी "बरं" म्हणाले. आठवड्यानं बाजारात त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटला, तो जंगलात गाइड आहे. तो बिचारा सहज बोलून गेला, "गुरुजी, यंदा का नाही आले? दोन मचाणं तर रिकामीच रायली."

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मला अजूनही वाटतं.

मी मुलाला म्हटलं, मला त्यांना भेटायचंय. पण त्यांना दवाखान्यात नेल्यासारखं इथे आणायचं नाही. मीच घरी गेले. गुरुजी अंगणात खाटेवर बसले होते. चहा झाला. त्यांच्या डाव्या बाजूला बसून बोलले की ऐकू येत नाही हे माझ्या पाच मिनिटांत लक्षात आलं. मी उजवीकडे सरकले आणि गणनेच्या वह्यांबद्दल विचारलं. त्यांनी वह्या दाखवल्या नाहीत. म्हणाले, "का करायचं जी आता त्या वह्यांचं."

मग बऱ्याच वेळानं, मी काही विचारलेलं नसताना बोलले. त्यांचेच शब्द देते:

"शिडी नाही चढता येत हे मले माहीत आहे. मले भोवळ आली, त्याले नाही आली. पण यंदा नाही येत हे मी सांगणार होतो. त्याच्या तोंडून नाही, माझ्या तोंडून. मी बसलो होतो वाट पाहत, का तो इचारते कधी. त्यानं इचारलंच नाही. मले लहान पोरावानी फसवलं."

सदऱ्याचं खालचं टोक ते बोटांत गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते.

इथे थोडं थांबून सांगावंसं वाटतं, कारण माझ्या मते सगळी गाठ इथेच आहे. म्हातारपणी माणसाच्या हातून एकेक गोष्ट जात असते. सायकल जाते, बँकेचे व्यवहार मुलाच्या मोबाइलवर जातात, शेताचा निर्णय मोठ्याकडे जातो. अशा वेळी 'आता मला जमत नाही' हे स्वतः म्हणण्याचा मान तरी त्याच्याकडे राहावा. तो मान आपण काळजीपोटी काढून घेतो, आणि खोटं बोलून काढून घेतला तर दुहेरी मारतो. एक तर गोष्ट गेली, आणि वर घरच्यांनी आपल्याला न सांगण्याजोगं ठरवलं हेही कळलं. गुरुजींचं जेवण मचाण सुटलं म्हणून कमी झालं नव्हतं. मचाण ते सोडणारच होते.

मुलाला हे सांगितलं तेव्हा तो रडला. मी त्याला दोष देत नव्हते, तेही सांगितलं. बापाची कॉलर मुठीत धरलेला तो क्षण त्याच्या अंगात वर्षभर तसाच राहिला होता. भीतीनं माणूस खोटं बोलतो. ती भीती त्यानं बापाला सांगितली नव्हती, एवढंच.

तर त्याला एकच काम दिलं. आईला मध्ये न घालता, उजव्या कानाच्या बाजूला बसून, दोन वाक्यं बोलायची. "बुकिंगचं मी खोटं बोललो. तुम्ही पडाल म्हणून घाबरलो होतो." त्यापुढे सल्ला नाही, 'तुमच्याच भल्यासाठी' नाही. ते जे म्हणतील ते ऐकायचं. तो म्हणाला, "ते काहीच नाही बोलले तर?" मी म्हटलं, तर तिथंच बसून राहा. मचाणावर रात्रभर बसतोस ना.

गुरुजी त्या दिवशी खरोखर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "भोवळ कायची होती ते तरी पाहू."

हा भाग लोक विसरतात म्हणून लिहिते. 'वय झालं' हे निदान नव्हे. डॉक्टरांनी त्यांचं बीपी आधी झोपवून घेतलं, मग उभं करून घेतलं. उभं राहिल्यावर ते बरंच खाली येत होतं. त्यांना बीपीची गोळी होती आणि प्रोस्टेटचीही. या दोन्ही गोळ्यांनी उठताना भोवळ येऊ शकते. त्यात विदर्भातला मे, 45 अंशांच्या पुढे जाणारा पारा, आणि रात्री लघवीला उठावं लागू नये म्हणून त्यांनी संध्याकाळपासून पाणीच घेतलं नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलल्या. आपल्या मनानं कोणी गोळ्या कमी-जास्त करू नयेत, गोळी अचानक बंद केल्यानंही घात होतो. डाव्या कानाचं मशीन आलं. त्यावर त्यांनी महिनाभर कुरकुर केली.

भोवळ पुष्कळ कमी झाली. गुडघे मात्र तसेच राहिले. मार्चमध्ये मुलगा गावी आला तेव्हा गुरुजींनीच गोठ्यातली शिडी माळ्याला लावायला सांगितली. मुलगा खाली उभा राहिला, पण हात न लावता. हे मी त्याला बजावलं होतं, पडायला लागले तरच धर. गुरुजी दोन पायऱ्या चढले. तिसरीवर एक पाय ठेवला, जोर दिला, परत घेतला. खाली उतरले आणि म्हणाले, "नाही. आपलं झालं." आई स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. कोणी काही बोललं नाही. शिडी परत गोठ्यात गुरुजींनीच नेऊन ठेवली.

त्या दिवसापासून जेवण सुधारलं, असं आई सांगते. मी त्यात भर घालत नाही.

मला नेहमी विचारतात, "आणि त्यांनी चढतोच म्हटलं असतं तर?" तर मी तिथे मुलाच्या बाजूला उभी राहिले असते. तोंडावर, सगळ्यांसमोर, "बाबा, मी तुम्हाला नेणार नाही, कारण मला भीती वाटते" असं सांगायला लावलं असतं. राग आला असता. राग परवडतो. तोंडावरच्या नकाराशी माणसाला भांडता येतं, खोट्याशी भांडता येत नाही.

आणि एक अपवाद आहे. तोच तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, ओळखीच्या वाटेवर चुकणं, संध्याकाळ झाली की गोंधळणं असं काही दिसत असेल, तर आधी तपासणी करून घ्या. तिथे निर्णय पूर्णपणे त्यांच्यावर सोडून चालत नाही. जेवण-झोप गेली असेल, 'जगून काय करायचं' अशी भाषा येत असेल, तर वाट पाहू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात. ज्येष्ठांसाठी 14567 ही वेगळी हेल्पलाइन आहे.

बुद्धपौर्णिमेचं पुढे काय करायचं ते गुरुजींनी ठरवलं. मुलगा आणि मोठ्या भावाचा मुलगा, कॉलेजात जाणारा, हे दोघं मचाणावर. स्वतः ते जंगलाच्या गेटाजवळच्या गावात, त्याच गाइड विद्यार्थ्याच्या अंगणात खाट टाकून. दुपारी दोघांना गेटपर्यंत सोडायला गेले. नातवाच्या पिशवीतून वासाचा साबण काढून स्वतःच्या खिशात घातला. रात्रभर झोपले नाहीत, असं विद्यार्थ्याची बायको म्हणाली. रातवा पक्षी बोलला की मशीन कानात नीट बसवून ऐकायचे.

सकाळी दोघं परत आले तेव्हा चहाच्या आधी त्यांनी कागद मागितला. चष्मा लावला. बोट एकेका ओळीवरून खाली नेलं. मुलानं हे मला फोनवर सांगितलं.

"गवे 9. पिल्लं किती?"

"तसं नाही लिहिलं, बाबा."

"इतकी वर्षं सांगून रायलो, पिल्लं येगळी मांडायची. रात्री अडीचला अस्वल लिहिलं, एकटं का जोडीनं?"

"एकटं."

"मंग लिही ना 'एकटं'. कागद दे इकडं."

साकोली येईपर्यंत गाडीत बोलणी खाल्ली, असं मुलगा म्हणाला.