सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, तरी हॉलमधला पंखा आणि टीव्ही बंद. दोन्हीकडे करंट असताना असं का?

कारण दोन्हीकडे फेजच आहे. तुमच्या हॉलचा न्यूट्रल तुटलाय किंवा सैल झालाय.

फेजने आलेला करंट उपकरणातून जाऊन न्यूट्रलने ट्रान्सफॉर्मरला परत जातो. वाटेत तो खर्च होत नाही. २००० वॅटच्या गिझरला फेजमधून ८.७ अँपिअर जात असतील, तर न्यूट्रलमधूनही ८.७च परततात. गिझर खातो ती ऊर्जा. (इलेक्ट्रॉन तर घरात 'येत'ही नाहीत. दीड स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीतून ५ अँपिअर जाताना ते जागच्या जागी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे डुलतात, इतकंच.)

परतीची वाट तुटली की करंट थांबतो, पण व्होल्टेज थांबत नाही. पंख्याचं बटण चालू असेल तर फेज वाइंडिंगमधून पलीकडच्या न्यूट्रल वायरीत पोचते. करंटच नाही, त्यामुळे वाइंडिंगमध्ये व्होल्टेज पडत नाही आणि अख्खे २३० व्होल्ट सॉकेटच्या डाव्या भोकात हजर. टेस्टर पेटायला अगदी नगण्य करंट लागतो. तो तुमच्या अंगातून जमिनीत जातो.

म्हणून त्या काळ्या वायरीला 'न्यूट्रलच आहे' म्हणून हात लावू नका. ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो. तुम्ही वायर धरलीत की जमिनीतून परतीची वाट तयार होते, आणि त्या वाटेत तुम्ही असता.

खात्री मल्टिमीटरने करा, रेंज एसी ६०० किंवा ७५० व्होल्ट. फेज-न्यूट्रल जवळपास ०, फेज-अर्थ २३० आणि न्यूट्रल-अर्थही २३० च्या आसपास आलं, तर निदान पक्कं. दुसरी खूण: हॉलमधले सगळे प्लग काढले आणि बटणं बंद केली की डावीकडचा टेस्टर विझतो. बोर्डावर इंडिकेटर असेल तर मात्र तेवढ्यानेही टेस्टर पेटत राहतो. लोक इथेच फसतात.

बाकीचं घर चालू असेल तर दोष हॉलच्या बोर्डात, जंक्शन बॉक्समधल्या जॉइंटमध्ये किंवा न्यूट्रल लिंकच्या (सगळ्या न्यूट्रल वायरी जोडलेल्या पट्टीच्या) स्क्रूखाली असतो. मेन स्विच बंद करा, वायर मृत आहे हे मीटरने तपासा, मगच उघडा. काळवंडलेलं इन्सुलेशन दिसलं की जागा सापडली. जळालेलं टोक कापून नव्याने सोला आणि स्क्रू घट्ट आवळा. जुन्या घरात अॅल्युमिनियम आणि तांबं नुसतं पिळून जोडलेलं असतं. तो जॉइंट पुन्हा सैल होणारच. योग्य कनेक्टर वापरा. हे जमत नसेल तर वायरमन बोलवा.

एक जुगाड कुणीतरी सुचवेलच: न्यूट्रल नाही ना, मग अर्थिंगची वायर जोडा. पंखा फिरेलही. पण अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून रोध १०० ओहम झाला असेल, तर अर्थच्या वायरीवरच व्होल्टेज चढतं आणि फ्रिज, वॉशिंग मशीनचं धातूचं अंग शॉक देऊ लागतं. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर ती लगेच पडेल, कारण ती फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट तोलून बघते. ३० मिलिअँपिअरचा फरक तिला पुरतो. ती पडते म्हणून तिलाच बायपास करणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा.

हाच न्यूट्रल इमारतीच्या थ्री-फेज मेनमध्ये तुटला तर प्रकार वेगळा होतो. समजा एका फेजवर २००० वॅटचा गिझर आणि दुसऱ्या फेजवर शेजाऱ्यांचे १०० वॅटचे दिवे, बाकी काही नाही. आता दोघे दोन फेजमधल्या ४०० व्होल्टवर सिरीजमध्ये (एकामागोमाग) येतात: गिझरला जेमतेम १९ व्होल्ट, दिव्यांना ३८१. त्यामुळे काही दिवे मंद आणि काही भगभगीत दिसू लागले, तर आधी मेन स्विच पाडा आणि मग १९१२ वर वीज कंपनीला कळवा.