स्टुटगार्टला येताय? आधी मावशींना महिनाभर सुट्टी द्या

तुमचा निरोप वाचला. जानेवारीत तुम्ही, मिसेस आणि चार वर्षांची मुलगी जर्मनीत स्टुटगार्टजवळ झिंडेलफिंगनला येताय. सध्या सांगलीत माधवनगर रोडला घर, सकाळी धुणीभांडीवाल्या मावशी, दहाला चपात्यांना दुसऱ्या, कोपऱ्यावर इस्त्रीवाला. तिकडं यातलं काय लावता येतं, काय आपलं आपण करायचं, हा तुमचा प्रश्न. आणि शेवटी हळूच घातलेलं वाक्य: "मिसेसला एकटीला सगळं जमेल का?"

शेवटापासूनच सुरू करते. एकटीला नाही जमणार, आणि जमवायचंही नाही. कुपवाडच्या कारखान्यात क्वालिटी बघणाऱ्या माणसाला भांडी नीट निघालीत का हेही बघता येतं. रागावू नका, आमच्याकडेही पहिलं वर्ष याच वाक्यावर गेलं. मी विश्रामबागची, इथं येऊन नऊ वर्षं झाली. मला पहिल्या सहा महिन्यांत जेवढं रडू आलं तेवढं थंडीनं नाही, सिंकमधल्या भांड्यांनी आणलं.

सांगलीत आपण मावशींना भांडी घासायचे पैसे देतो असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे त्या आपल्या वाटचं ध्यानात ठेवत असतात. साबण संपत आला, गॅसमागं तेल साचलं, आज पाणी उशिरा येणार, हे सगळं त्याच सांगतात. इथं बाई लावलीत तर ती तीन तास उत्तम काम करेल आणि जाईल. काय करायचं हे ठरवणं तुमच्याकडंच राहतं. म्हणून माझा पहिला सल्ला: निघण्याआधी दोन्ही मावशींना एक महिना भरपगारी सुट्टी द्या. तो महिना दोघांनी मिळून घर चालवा आणि अडेल ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. डाळ निवडायची असते, पंख्यावर धूळ बसते, बेसिनची जाळी तुंबते, हे तेव्हा कळेल. तीच यादी घेऊन विमानात बसा.

आता पैशाचं. इथं माणसाचा तास महाग आहे आणि तो असायलाच हवा. २०२६ मध्ये जर्मनीतलं किमान वेतन ताशी १३.९० युरो आहे. त्याखाली कुणाला कामाला लावणं बेकायदा. मी आमच्या बाईंना ताशी १७ युरो देते, दर पंधरवड्याला तीन तास. हे सगळं मिनीजॉब म्हणून नोंदवलेलं आहे. महिन्याला ६०३ युरोपर्यंतच्या कामाला ही सोय असते, घरकामासाठी फॉर्म अगदी साधा आहे. मालक म्हणून आपण वर साधारण पंधरा टक्के भरतो, त्यात अपघात विमाही येतो. ती रक्कम वर्षातून दोनदा खात्यातून वळती होते. आणि वर्षाच्या खर्चाचे २० टक्के, जास्तीत जास्त ५१० युरो, आपल्या आयकरातून थेट वजा होतात. माझा हिशोब: महिन्याला सव्वाशे युरोच्या आसपास जातात, वर्षाअखेर तीनशेच्या घरात परत येतात. कंपनीकडून माणूस मागवला तर तास महाग पडतो, पण नोंदणीची कटकट नाही. तिथंही २० टक्के वजावट मिळते आणि मर्यादा ४००० युरोची, फक्त बिल हवं आणि पैसे बँकेतून गेलेले हवेत.

"रोख देऊन टाका, कोण विचारतंय" असं सांगणारे आपलेच लोक भेटतील. ऐकू नका. बाई खिडकी पुसताना शिडीवरून पडल्या तर काय, हा एकच प्रश्न पुरे आहे. मिनीजॉबवाल्या बाईंनाही भरपगारी रजा असते, आजारपणात पगार असतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आईला फोन केला आणि विचारलं, आपल्या मावशींना आपण वर्षाला किती सुट्ट्या द्यायचो गं? आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "दिवाळीला साडी द्यायचो की."

पण सव्वाशे युरो खर्चायचं खरं कारण शनिवार आहे. हे आधी कुणी सांगत नाही. रविवारी इथं दुकानं बंद. रविवारी ड्रिल मारायचं नाही, व्हॅक्यूम फिरवायचा नाही, रात्री दहा ते सकाळी सहा आवाज नाही. आपल्याकडं रविवार म्हणजे जळमटं काढायचा दिवस, इथं तसं केलंत तर खालचे आजोबा दार वाजवतील. म्हणजे आठवड्याची भाजी, दूध, साफसफाई, मुलीचे बूट, सगळं एका शनिवारात कोंबावं लागतं. दोन नोकऱ्या आणि एक लहान पोर असेल तर हा शनिवार वर्षभरात माणसाचा चुरा करतो. म्हणून आम्ही तीन तास विकत घेतले: बाथरूम, फरशी, खिडक्या. ही कामं कुणाला दिसत नाहीत, नुसती साचत जातात, आणि साचली की नवरा-बायकोत भांडण होतं.

उलट शेजाऱ्यांना दिसतात ती कामं मात्र स्वतः करा, परवडत असलं तरी बाहेर देऊ नका. त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे केरवोखे. नावातच केर आहे, आपल्याला लक्षात ठेवायला सोपं. 'केर' म्हणजे झाडणं, 'वोखे' म्हणजे आठवडा. या श्वाबेन भागातली ही पद्धत पंधराव्या शतकाच्या शेवटापर्यंत मागं जाते म्हणतात. बिल्डिंगमधल्या प्रत्येक घराची पाळी येते आणि पाळीची पाटी तुमच्या दारावर लटकवली जाते. छोटी पाळी म्हणजे आपल्या मजल्याचा जिना, मोठी म्हणजे प्रवेशद्वार, तळघराची वाट, बाहेरचा फुटपाथ. भाडेकरारात किंवा घराच्या नियमांत लिहिलेलं असतं, नीट वाचा. काही बिल्डिंगमध्ये हे काम हाउसमाइस्टरच्या, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याच्या, कंपनीला दिलेलं असतं आणि पैसे भाड्यावरच्या इतर खर्चात येतात. तसं असेल तर तुमची सुटका.

माझी पहिली पाळी आली तेव्हा मी गाउन आणि सपातांत, केर काढायला म्हणून जिन्यात आले आणि मागं दार लागलं. इथल्या दाराला बाहेरून मूठ फिरत नाही, लागलं की लागलं. फोन आत, नवरा ऑफिसात, मी हातात झाडू घेऊन उभी. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी, तेव्हा त्या सत्तरीच्या असतील, मला घरात घेतलं. कुलूपवाल्याला बोलवू या म्हणाले, तर त्यांनी हात जोरात हलवून नाही म्हटलं. असा तातडीनं येणारा कुलूपवाला शेकड्यांत पैसे घेतो, नवऱ्याची वाट बघ म्हणाल्या. तीन तास मी तिथं कॉफी पीत बसले, माझं जर्मन तेव्हा आठवड्याच्या वारांपलीकडं जात नव्हतं. त्या दिवसापासून आमची एक किल्ली त्यांच्याकडे असते. माणूस लावून जिना झाडून घेतला असता तर हे घर मला कधी उघडलं नसतं. (ती पाळी त्यांनी नंतर पुन्हा झाडली, हे मला दोन वर्षांनी कळलं. कोपरे राहिले होते.)

कचराही याच खात्यातला. घंटागाडी आली की डबा घेऊन खाली पळायचं, एवढंच आपल्याला माहीत. इथं ओला वेगळा, कागद वेगळा, पिवळ्यात प्लॅस्टिक आणि टिनचं वेष्टण, उरलेला वेगळा. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे रस्त्यावरच्या टाकीत, तेही रविवारी नाही. पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बहुतेक प्लॅस्टिक बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, त्या दुकानातल्या मशीनमध्ये परत. हे काम मुलीला द्या. पैसे तिचे म्हणालात तर एक बाटली चुकणार नाही.

फरशीबद्दल एक धोक्याची सूचना. पाणी ओतून धुतल्याशिवाय घर स्वच्छ झालं असं आपल्याला वाटतच नाही. २००५ च्या पुरानंतर गावभागातल्या मामाच्या घरातला गाळ आम्ही पोरांनी बादल्या ओतून काढला होता, तेव्हापासून माझा तर बादलीवर जरा जास्तच विश्वास. इथं बाथरूममध्ये शॉवरखालची जागा वगळता बहुधा फरशीला मोरी नसते. बादली ओतलीत तर पाणी खालच्या घराच्या छतात. ओलसर फडकं, बस्स. आणि कपडे घरातच वाळवणार असाल तर दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं वारा खेळू द्या, बाहेर बर्फ असला तरी. नाहीतर भिंतीला बुरशी येते आणि घरमालक अनामतीतून कापायला बघतो.

स्वयंपाकघरात डिशवॉशर घ्या, विचारच करू नका. मावशींची जागा तोच भरून काढतो. पण आपला ॲल्युमिनियमचा कुकर त्यात घातला तर काळा पडतो, लोखंडी तवा गंजतो. स्टीलचा, इंडक्शनवर चालेल असा कुकर सांगलीतूनच आणा. घर बहुतेक वेळा किचनशिवाय मिळतं, म्हणजे ओटा, सिंक, शेगडी सगळं आपलं. कपाटं तुम्ही स्वतः जोडा, मजा येते. पण शेगडीची जोडणी ४०० व्होल्टची असते, तिला इलेक्ट्रिशियनच बोलवा. तुम्हाला इंजिनिअर म्हणून हात शिवशिवतील, आवरा. अशा कारागिराच्या मजुरीवरही २० टक्के करवजावट आहे, वर्षाला १२०० युरोपर्यंत, सामानावर नाही. आणि आपण पडलो हळदीच्या गावचे, पांढऱ्या ओट्यावर हळद सांडली तर लगेच पुसा, माझ्या पहिल्या ओट्यावरचा पिवळा डाग घर सोडताना आमच्या आधी घरमालकाला दिसला.

चपात्या. हा तुमच्या घरातला खरा प्रश्न असणार. इथल्या साध्या दुकानातलं ४०५ नंबरचं पीठ म्हणजे जवळजवळ मैदा, त्याच्या चपात्या रबरासारख्या. भारतीय दुकानातून आटा आणा. रोज चपात्या हव्यात हा हट्ट सोडा. आमच्याकडे आठवड्यातून तीन दिवस चपात्या, त्यातल्या एका दिवशी नवरा करतो, नकाशे निघतात पण पोटात सगळं गोल होतं. बाकी दिवस भात, ब्रेड, पास्ता. डबे देणाऱ्या आपल्या बायका सापडतात, महिन्यातून दोनदा त्यांच्याकडून पुरणपोळ्या घेते, रोजचा डबा परवडत नाही. तुम्ही दोघांनीही निघायच्या आधी चपातीवाल्या मावशींच्या शेजारी बसून आठवडाभर शिका. त्यांना वेगळे पैसे द्या त्याचे.

इस्त्री विसरा. लाँड्रीत एका शर्टाला अडीच-तीन युरो जातात. मशीनमधून काढल्या काढल्या हँगरला लावायचं, ऑफिसात कुणी बघत नाही. गाडी घेतलीत तर थंडीचे टायर बदलायला गॅरेजमध्येच द्या, ऑक्टोबर ते ईस्टर हा इथला ठोकताळा. गाडी दारात धुवायची नाही, वॉशिंग सेंटरला न्या.

"आईला मदतीला आणावं का" हेही विचारलंय. पाहुणी म्हणून व्हिसा मिळतो, १८० दिवसांत ९० दिवस. प्रवासाचा आरोग्य विमा हवा. पण त्यांना इथं आणून चपात्या लाटायला लावू नका. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला नकळत तिसरी मावशी करून टाकलं होतं. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "हरिपूरच्या संगमावर तरी माझ्याशी बोलायला माणसं असतात." दुसऱ्या खेपेला आम्ही बाईंचे तास वाढवले आणि आईला बोडेन्झे या मोठ्या तळ्यावर फिरायला नेलं.

मुलीसाठी संध्याकाळी कधी कुणी लागलं तर बिल्डिंगमधलीच कॉलेजची पोरं तासावर बसतात. केरवोखे नीट केलीत तर ती आपोआप ओळखीची होतात.

शेवटचं आणि तातडीचं. जानेवारीत येताय, म्हणजे तुमची पहिली मोठी पाळी बर्फातली असू शकते. पाळी असेल तर आठवड्याच्या दिवशी सकाळी सातपर्यंत फुटपाथ मोकळा करावा लागतो, आणि कुणी घसरून पडलं तर जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. म्हणून वैयक्तिक दायित्वाचा विमा, म्हणजे आपल्यामुळं दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा, पहिल्याच आठवड्यात घ्या, वर्षाला फार पैसे लागत नाहीत. घराच्या किल्ल्या घेतानाच घरमालकाला दोन गोष्टी विचारा: पाळीची पाटी आत्ता कुणाच्या दारावर आहे, आणि बर्फाचं फावडं तळघरात आहे की तुम्ही विकत घ्यायचं.